वाघमारे सरांचा मुका संघ

गजानन दिवसा कधी फोन करत नाही. त्यामुळे दुपारी पोस्टाच्या काउंटरवर बसलेलो असताना त्याचं नाव दिसलं, तेव्हाच हातातला शिक्का मी खाली ठेवला. "माधव, सर गेले रे," एवढंच तो म्हणाला. कोणते सर, हे मी विचारलं नाही. आमच्या तोंडी सर एकच. काउंटरपलीकडे एक म्हातारी आपलं पासबुक धरून उभी होती, तिनं माझ्या चेहऱ्याकडे बघून पासबुक परत पिशवीत ठेवलं आणि बाकावर जाऊन बसली. मी विचारलं, कधी? गजानन म्हणाला, "जेवून खाटेवर बसले व्हते. काकू स्वयंपाकघरातून न्हाणीकडं गेल्या, परत आल्या, परत गेल्या... एकदाबी सर काही बोलले न्हाईत. म्हणून काकूंनी आत डोकावून बघितलं." ते ऐकून मला पुढचं सगळं कळलं. कारण त्या घरात दारावरून कोणी गेलं आणि सर काही बोलले नाहीत, असं मी गेल्या बारा-तेरा वर्षांत एकदाही पाहिलेलं नव्हतं.

या गोष्टीला आता पाच आठवडे झाले. लिहावं की लिहू नये, हे ठरत नव्हतं. कारण सरांबद्दल खरं लिहायचं तर काही गोष्टी अशा येतात, की वाचणाऱ्याला वाटावं हा माणूस आपल्याला भुताची गोष्ट सांगतोय. सरांना ते अजिबात आवडलं नसतं. त्यांच्या घरात रोज सकाळी बुद्धवंदना व्हायची आणि अंगारे-धुपारे, देवऋषी असल्या गोष्टींचं नाव काढलं तरी ते चिडायचे. म्हणून मी फक्त जे घडलं ते, घडलं त्या क्रमानं सांगतो. त्याचा अर्थ मला आजही लावता आलेला नाही.

वाघमारे सर वसमतच्या आमच्या महाविद्यालयात शारीरिक शिक्षण शिकवायचे. अंगानं शेलाटे, पांढरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिटी आणि डोळ्यांवर काळा चष्मा. मी जवळा बाजारच्या अलीकडच्या एका खेड्यातला. घरी मेंढरं, दोन एकर कोरडवाहू. बास्केटबॉल हा शब्दसुद्धा मी कॉलेजात आल्यावर ऐकला. पहिल्याच आठवड्यात मी धावत जिना चढून वर्गाकडे चाललो होतो, तेव्हा खालून आवाज आला, "आत्ता जिना चढला तो पोरगा कोण? बोलवा त्याला." मी खाली आलो, तर सर भिंतीकडे तोंड करून सूचनाफलकासमोर उभे होते. वळलेसुद्धा नाहीत. "दोन-दोन पायऱ्या चढलास, आणि एकदाही टाच टेकली नाही," ते म्हणाले. "उद्या दुपारी कोर्टवर ये." माझ्या पाठीमागे शंभर पोरं त्या जिन्यावरून चढली-उतरली असतील. त्यातला मीच का, हे तेव्हा कळलं नाही, आणि विचारायची हिंमतही नव्हती.

आमचं कोर्ट कॉलेजच्या मागे होतं. सिमेंटचं, मधोमध तडा गेलेलं, एका बाजूला लिंबाचं झाड आणि दुसऱ्या बाजूला कंपाउंडची भिंत. तासिका संपल्या की दोन ते चार सराव. सर अर्ध्या रेषेजवळ लोखंडी खुर्ची टाकून बसायचे. पहिलं वर्ष नेहमीसारखं गेलं. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत आम्ही एक सामना जिंकलो, दुसरा हरलो आणि घरी आलो. दुसऱ्या वर्षी, सीझन सुरू व्हायच्या आधी सरांनी एक नियम काढला. म्हणाले, "खेळताना बोलायचं नाही. एक शब्दही नाही. पास मागायचा नाही, नाव घ्यायचं नाही, ओरडायचं नाही." असलम आमच्यातला सगळ्यात बोलका. त्याच्या वडिलांचं गॅरेज होतं आणि इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून बोलायची त्याला सवय. तो म्हणाला, "सर, बात नहीं करनी तो बॉल मांगू कसा?" सर म्हणाले, "ज्याला द्यायचाय त्याला कळलं पाहिजे तू कुठं आहेस. नाही कळलं तर तो बहिरा."

पहिले पंधरा दिवस हाल झाले. बॉल रिकाम्या जागी जायचा, आम्ही एकमेकांना धडकायचो, असलम तर तोंडात रुमालाचा बोळा धरून खेळायचा. पण हळूहळू काहीतरी बदललं. मला पाठीमागच्या पायांचे आवाज वेगळे ऐकू यायला लागले. असलमचा डावा पाय जोरात पडायचा. गजानन आमच्यातला सगळ्यात उंच, नरसीकडचा. तो वळताना बुटाचा तळवा सिमेंटवर घासायचा, खर्र असा. मी न बघता बॉल मागे टाकायला लागलो आणि तो बराबर कोणाच्या तरी हातात जायला लागला. बाहेरून बघणाऱ्याला ते कसं दिसायचं, हे एकदा आमच्या ग्रंथपालांनी सांगितलं. ते खिडकीतून बघायचे. म्हणाले, "तुमचं ते खेळणं बघून अंगावर काटा येतो रे. दहा पोरं पळतात आणि बॉलशिवाय कशाचाच आवाज नाही."

हिंगोलीला पहिला सामना झाला तेव्हा समोरच्या संघाची पोरं आधी हसली. दहा मिनिटांनी हसणं थांबलं. पंचवीस मिनिटांनी त्यांचे ओरडणारे मित्रसुद्धा गप्प झाले, कोणी सांगितलं नसताना. मैदानावर एवढी शांतता झाली की पंच दोनदा घड्याळ बघायला थांबले. आम्ही जिंकलो. त्यांचा कॅप्टन हात मिळवायला आला, पण हात मिळवला नाही; लांबूनच म्हणाला, "तुमी काय करून येता बे? कोण शिकवलं तुमाला हे?" त्यानंतरचे दोन सामनेही आम्ही तसेच जिंकले. आणि ती शांतता आम्हाला लागली. कँटीनमध्ये आम्ही एका टेबलावर बसायचो आणि चहा संपेपर्यंत कोणी बोलायचं नाही. घरी गेलो की आई विचारायची, "काय झालं रे लेकरा? बोलत काहून न्हाईस?" काय सांगणार? मला तर अंगणात कोण आलं हे तिच्या आधी कळायला लागलं होतं.

सप्टेंबरच्या शेवटी एक दिवस माझ्या बुटाचा तळवा निघाला. गजाननला त्या दिवशी घरी लवकर जायचं होतं, त्यानं आपले बूट मला काढून दिले. एक नंबर मोठे होते. मी आत कापड कोंबून घातले. सराव संपला, सगळे पाणी प्यायला गेले आणि मी बॉल ठेवायला सरांच्या खुर्चीपाशी गेलो. सर माझ्याकडे तोंड करून बसलेले. मध्ये तीन फुटांचंही अंतर नसेल. ते हसले आणि म्हणाले, "गजानन, आज तुझं वळणं हलकं झालंय रे. काय खाल्लंस?"

मला वाटलं, मस्करी करून राहिलेत. पण सरांचा चेहरा तसाच, उत्तराची वाट बघणारा. गजानन माझ्यापेक्षा वीतभर उंच. त्याचा रंग वेगळा, चेहरा वेगळा. मी हळूच म्हणालो, "सर, मी माधव." त्यांचं हसू गेलं. मग अगदी खालच्या आवाजात त्यांनी विचारलं, "बूट कोणाचे घातलेस?"

त्या दुपारी लिंबाखाली बसून सरांनी मला सगळं सांगितलं. तीन वर्षांपासून नजर चालली होती. आधी कडा गेल्या, मग अंधार आत सरकत आला. आता मधोमध थोडी जागा उरली होती, तीही धुरकट. इलाज नव्हता. घरी काकूंना माहीत होतं, बाकी कोणालाच नाही. "हा एक सीझन होऊ दे," ते म्हणाले. "आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हाताखाली असा संघ तयार झालाय. मग मीच प्राचार्यांना सांगतो. तोवर तू..." मी म्हणालो, "मी न्हाई सांगत कोणाला." खेळताना बोलायची बंदी कशासाठी होती, ते तेव्हा मला कळलं. आम्ही ओरडलो असतो तर सरांना आमचे पाय ऐकू आले नसते. आम्ही गप्प होतो म्हणून त्यांना सामना दिसत होता.

मला याचं फार नवल वाटलं नाही, हे खरं सांगतो. माझे वडील संध्याकाळी मेंढरांच्या वाडग्याच्या तोंडाशी पाठमोरे बसून बिडी ओढायचे आणि मेंढरं मागून आत जायची. मध्येच ते म्हणायचे, "थांबव रे, एक लंगडून राहिलं." बघितलं तर खरंच एकाच्या खुरात काटा असायचा. सरांचंही तसंच असेल, असं मी मनाला सांगितलं. आणि पुढचे आठ-दहा दिवस ते मला पटतही होतं.

मग गजाननचं झालं. एक दिवस सराव ऐन रंगात असताना सरांनी शिटी मारली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "गजानन, बाहेर ये. उद्यापासून तू खेळायचं नाही."

"काहून सर?" गजानन हसतच आला. त्याला वाटलं काहीतरी चूक झाली.

"तुझा पाय थांबून राहिलाय."

"पाय? मला तर काहीच तकलीफ न्हाई सर. बघा ना," आणि त्यानं जागेवरच चार उड्या मारल्या.

सर मान कलती करून ऐकत होते. म्हणाले, "पळून थांबलास की तुझं एक पाऊल कमी पडतं. गेल्या महिन्यात असं नव्हतं. श्वासाचं काहीतरी आहे, नाहीतर छातीचं. डॉक्टरला दाखव. दाखवल्याशिवाय कोर्टवर पाय ठेवायचा नाही."

पोरं भडकली. गजाननशिवाय संघ म्हणजे काय? असलम उघड म्हणाला की सर सटकले आहेत. गजानन तीन दिवस दवाखान्यात गेला नाही. रुसून घरी बसला. चौथ्या दिवशी सर मला म्हणाले, चल नरसीला. आम्ही एसटीनं गेलो. उतरताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, बघणाऱ्याला वाटावं सर पोराशी सलगीनं चालत आहेत. रस्त्याच्या कडेच्या पेढ्यांच्या, नारळांच्या दुकानांवरून गर्दीतून आम्ही गेलो आणि माझ्या खांद्यातली त्यांची बोटं एवढी घट्ट होती की नंतर तिथं वळ उठले. गजाननच्या वडिलांसमोर बसून सरांनी हात जोडले. "माझं चुकलं तर मी तुमच्या पाया पडून माफी मागेन. पण एकदा दाखवा." वडिलांना काही कळलं नाही, पण कॉलेजचा मास्तर घरी येऊन हात जोडतो म्हटल्यावर त्यांनी मोठ्या मुलाला सांगितलं, घेऊन जा याला नांदेडला.

नांदेडच्या डॉक्टरांनी तपासलं आणि लगेच हैदराबादची चिठ्ठी दिली. हृदयाची झडप जन्मापासून बिघडलेली होती. असाच पळत राहिला असता तर एक दिवस पळतापळता पडला असता, असं ते म्हणाले. गजाननच्या भावानं फोनवर हे सांगितलं तेव्हा आम्ही सगळे कोर्टवरच होतो. आणि त्या दिवसापासून पोरं सरांना भ्यायला लागली. त्यांना नजरेचं माहीत नव्हतं. त्यांना वाटलं सरांना काहीतरी कळतं. एकजण सरांच्या खुर्चीजवळून जाताना गवतावरून जायला लागला. एकानं बुटात कापूस घातला. असलमसारखा असलम, तोही एकदा मला म्हणाला, "माझ्या पायात त्यांना काही ऐकू आलं तर? मला न्हाई ऐकायचं ते." सरांना हे कळल्याशिवाय राहिलं नाही. एक दिवस वैतागून म्हणाले, "मी ज्योतिषी नाही रे! नीट पाय टाकत चला." पण पोरं खुर्चीपाशी आली की चवड्यांवरच चालायची.

गजाननचं ऑपरेशन होतं तो दिवस मला लख्ख आठवतो. ऑक्टोबरचं ऊन, सिमेंट तापलेलं. आम्ही नऊ जण होतो. कोणाचंच लक्ष नव्हतं. तरी सर म्हणाले होते, सराव थांबायचा नाही. तीन वाजत आले असतील. खेळ सुरू असताना सर एकदम खुर्चीतून उठले. शिटी वाजवायची विसरले, नुसता हात वर केला. म्हणाले, "गजाननला कोणी आणलं? बाहेर काढा त्याला, पळतोय तो."

आम्ही थांबलो. असलम म्हणाला, "सर, गजानन हैदराबादला हाय. आज ऑपरेशन हाय त्याचं."

"मग हे पाय कोणाचे?"

नऊच्या नऊ जण जागच्या जागी उभे होतो. कोणाचा पाय हलत नव्हता. लिंबाचं पान हलत नव्हतं. आणि सर मान कलती करून ऐकत होते, त्यांचा चेहरा हळूहळू फिरत होता, एका बास्केटकडून दुसऱ्याकडं... कोणीतरी कोर्टच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत जावं, तसा. मी त्यांच्या चेहऱ्याच्या रोखानं बघत होतो. रिकामं सिमेंट आणि त्यावरून उठणाऱ्या उन्हाच्या झळा. मग सरांचा चेहरा एका जागी थांबला.

"थांबले," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, "आता काहीच नाही."

सगळ्यांच्या मनात एकच आलं. असलमनं गजाननच्या भावाला फोन लावला. कोणी उचलेना. परत लावला, परत नाही. आम्ही त्या तापलेल्या कोर्टवर तसेच बसून राहिलो. सर खुर्चीत, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. साडेपाचला भावाचा फोन आला. ऑपरेशन नीट झालं होतं. असलम पहिल्यांदाच हमसून रडला. सर मात्र तसेच बसून होते. अशा ऑपरेशनात डॉक्टर मुद्दाम काही वेळ हृदय थांबवतात आणि मग पुन्हा सुरू करतात, हे मला पुष्कळ नंतर कळलं. मी गजाननला एकदा विचारलंही, त्या वेळी तुला काही जाणवलं होतं का रे? तो म्हणाला, "मला काय म्हाईत? मी तर झोपलेलो." सरांना मी कधीच विचारलं नाही.

गजाननशिवाय आम्ही उपांत्य फेरीपर्यंत पोचलो. हा सामना एका मोठ्या शहरातल्या बंदिस्त हॉलमध्ये होता. लाकडी जमीन, वर पत्र्याचं उंच छप्पर, दोन्ही बाजूंना बसायला पायऱ्या आणि त्यावर ढोल-ताशे घेऊन बसलेली पोरं. आम्ही कोणीच कधी लाकडावर खेळलो नव्हतो. पहिल्या पाच मिनिटांतच माझ्या लक्षात आलं की पायांचे आवाज वेगळे येत नाहीत. सगळे एकमेकांत मिसळून छपराला लागतात आणि वरून खाली पडतात. टाइम-आउटला मी बाकाकडे गेलो. सरांनी माझं मनगट धरलं.

"माधव, कोण कुठं आहे रे? मला काही ऐकू येईना. सगळे सारखेच वाजून राहिलेत."

त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. तीन वर्षं अंधार आत सरकत आला होता, पण तो पूर्ण झाला तो त्या क्षणी, भर उजेडाच्या हॉलमध्ये, दोनशे माणसांच्या मधोमध. गुण जवळजवळ बरोबरीत होते. मी कोर्टवर परतलो. बॉल माझ्याकडे आला आणि मी ओरडलो, "असलम, डावीकडं!"

असलम दचकून थांबलाच. मी परत ओरडलो, "असलमकडं बॉल! असलम खाली चालला! मी उजवीकडं!" आख्ख्या सीझनमध्ये खेळताना आमच्यापैकी कोणी काढलेला तो पहिला शब्द. त्यानंतर मी थांबलो नाही. प्रत्येक पास, प्रत्येक वळण मी मोठमोठ्यानं सांगत राहिलो, घसा बसेपर्यंत. अर्थात ते सरांसोबत समोरच्या संघालाही ऐकू येत होतं. त्यांना आमचा बॉल कुठं जाणार हे आधीच कळायला लागलं. आमची पोरं माझ्याकडे वेड लागल्यासारखी बघत होती. असलमनं दोनदा दातओठ खाऊन खूण केली, गप्प बस. मी बाकाकडे बघितलं. सरांचा चेहरा बॉलच्या मागे फिरत होता... बराबर, जिथं बॉल तिथं. आम्ही चार गुणांनी हरलो.

बाहेर येताच असलमनं माझी कॉलर धरली. "काहून ओरडलास? मॅच विकली काय तू?" मी त्याचा हात झटकलाही नाही, मी सरांना शब्द दिला होता. तेव्हा मागून सर आले, भिंतीला हात लावत. म्हणाले, "सोड त्याला असलम. तो माझ्यासाठी ओरडत होता. मला दिसत नाही." आणि त्यांनी चष्मा काढला. कॉलेजात त्यांचे डोळे कोणी नीट बघितलेच नव्हते. ते आमच्या सगळ्यांच्या मध्ये कुठंतरी, कोणाकडेच न बघता, रोखलेले होते. असलमचा हात माझ्या कॉलरवरून सुटला. परतीच्या बसमध्ये तो एकटा पुढच्या सीटवर जाऊन बसला आणि वसमत येईपर्यंत मागं वळला नाही. मला वाटलं हा आता परत येणार नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला मी कोर्टवर गेलो, तर तो सरांचा हात धरून त्यांना लिंबाखालून खुर्चीकडे आणत होता. जाताना मुद्दाम पाय आपटत होता. पुढं सरांनी नोकरी सोडली, तरी असलमनं ते काम सोडलं नाही. रोज संध्याकाळी गॅरेज बंद केलं की तो सरांना फिरायला घेऊन जायचा.

मीही महिन्या-दोन महिन्यांनी जायचो. घरात शहाबादी फरशी. दारातून आत पाऊल टाकलं की खाटेवरून आवाज यायचा, "माधव, आज दमून आलास." किंवा, "नवी चप्पल घेतलीस वाटतं." वर्षं गेली तरी त्यांचं कधी चुकलं नाही. शेवटचं भेटलो ते सर जायच्या महिनाभर आधी. मी एकटाच गेलो होतो, दुपारची वेळ. आत पाऊल टाकलं. सर खाटेवर बसलेले. नेहमीसारखं नाव घेतलं नाही. मान कलती करून ऐकत राहिले. मग म्हणाले, "या, बसा दोघं."

मी मागं वळून बघितलं. अंगणात कोणी नव्हतं. "सर, मी एकटाच हाय."

"असं?" ते म्हणाले. "अनवाणी आहे कोणीतरी. असू दे... बस तू." आणि मग माझ्या मुलीच्या शाळेचं विचारायला लागले. मी तासभर बसलो. निघताना त्यांनी मला दारापर्यंत जाऊ दिलं आणि मग हाक मारून म्हणाले, "माधव, त्या दिवशी तू ओरडलास ना, तो एकच सामना मी सबंध बघितला." हे त्यांनी आधी कधी म्हटलं नव्हतं. मी रस्त्यावर आलो, तेव्हा मला जाणवलं की मी चवड्यांवर चालतोय.

गेल्या आठवड्यात सरांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. वंदना झाली, सगळ्यांनी फुलं वाहिली, जेवणं झाली, माणसं पांगली. असलम खुर्च्या मोजून टेम्पोत चढवत होता. गजानन आता चांगला जाडजूड झालाय; तो दमून लिंबूपाणी पीत ओट्यावर बसला होता. मी काकूंचा निरोप घ्यायला गेलो. काकू स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "चप्पल काढ आणि आतल्या खोलीत जाऊन ये. खाटेपर्यंत."

"काही आणायचंय का काकू?"

"न्हाई. नुसतं चालून ये." मला समजेना, हे बघून त्या म्हणाल्या, "येईल त्याला सांगते मी. हे भूतबित न्हाई रे, त्यांना असलं आवडायचं न्हाई. पण इतकी वर्षं या घरात पाय वाजला की ते बोलायचे. मी एकटी किती चालू?"

मी आत गेलो. खाट तिथंच होती, वर धुतलेली चादर. खिडकीतून दुपारचं ऊन फरशीवर आलं होतं. फरशी गार लागली. एक, दोन, तीन, चार पावलं... आणि चौथ्या पावलाला माझा पाय आपोआप थांबला. तिथंच ते नाव घ्यायचे. मी थांबलो, मग वळून परत यायला निघालो.

तेव्हा मागून काकूंचा आवाज आला, अगदी हळू, झोपलेल्या माणसाशेजारी बोलावं तसा. "लगेच निघू नको. थांब जरा तिथं. त्यांना आता ओळखायला वेळ लागतो."